डब्यातली कापलेली रोपं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. तुमच्या कागदावर वर शिक्का आहे, खाली सही आहे, आणि दोघांच्या मधोमध धडधडीत खोटं आहे. तुम्ही लिहिलंत की माझ्या धाकट्या बहिणीने पहाटे साडेपाचला सासऱ्याच्या डोक्यात फावडं घालून त्याचा जीव घेतला. तिच्याकडून तसं वदवूनही घेतलंत. कसं वदवलंत ते तिच्या पाठीवर उमटलेलं आहे, आणि मी ते पाहिलं आहे.

मी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. तपास हे माझं काम नाही, तुमचं होतं. तुम्ही केला नाहीत म्हणून मला करावा लागला. आता मुकाट्याने वाचा.

१

सव्वासहाला धाकटीचा फोन आला. "ताई, बाबा उठत नाहीत," एवढंच म्हणाली. मी पोचले तेव्हा तुम्ही माझ्या आधी हजर होतात. नुकत्याच बाजारातून परतलेल्या शेजारच्या रोपवाल्याने तुम्हाला कळवलं होतं.

धाकटीचा सासरा, फिटर, घरामागच्या भाजीच्या बागेत, नळाच्या दगडावर पालथा पडला होता. तीस वर्षं कारखान्यात फिटर होता म्हणून सगळी गल्ली त्याला फिटरच म्हणायची. मागचं डोकं तीन ठिकाणी उघडं पडलेलं. एका भेगेतून माशा आत-बाहेर करत होत्या. हाताच्या मुठी मातीने भरलेल्या. शेजारी फावडं धुवून भिंतीला टेकवलेलं. धाकटी पायरीवर बसली होती. कोपरापर्यंत हात लाल, कारण तिने त्याला उचलायचा प्रयत्न केला होता.

तुम्ही दगडावरच्या रक्तात बोट बुडवलंत आणि म्हणालात, "ओलं आहे. तासाभरापूर्वीचं."

मी म्हटलं, "साहेब, वरचा नळ गळतोय. ते रक्त आठवडाभर ओलं राहील."

"तू कोण?"

"बहीण."

"कुणाची? मयताची की आरोपीची?"

तोवर तिथे कुणीच आरोपी नव्हतं, साहेब. त्या एका वाक्यात तुम्ही माझ्या बहिणीला आरोपी करून टाकलंत.

२

तुमचा हिशेब सोपा होता. खून पहाटेचा. धाकटीचा नवरा जहाजावर आचारी, आठ महिने पाण्यावर. दीर बेकरीत कामाला, रात्री आठ ते सकाळी सहा भट्टीसमोर, सहा कामगार साक्षीला. फिटरचा जुना वैरी रोपवाला, तो पहाटे बाजारात रोपांचे ट्रे उतरवत होता, शंभर माणसांनी पाहिलं. उरली कोण, तर घरातली सून. तिने भांडणही केलं होतं, अख्ख्या गल्लीने ऐकलेलं.

भांडण अळ्यांवरून पेटलं होतं. रात्री मातीतून वर येऊन कोवळ्या रोपाचा देठ जमिनीलगत कुरतडणारी, आणि दिवसा त्याच मातीत वेटोळं करून झोपणारी ती मातकट अळी. फिटरची दोन हंगामांची रोपं तिने आडवी केली. फिटर तिला टॉर्च घेऊन शोधायचा आणि कात्रीने मधोमध कापायचा. तेही पुरेना, तेव्हा त्याने कोंड्यात साखरेचा पाक आणि कीडनाशक कालवून वाफ्यात पसरलं. अळ्या किती मेल्या कुणास ठाऊक. धाकटीच्या सहा कोंबड्या मात्र मेल्या. माना मागे टाकून, पाय झाडत, एकीमागून एक, तिच्या डोळ्यांदेखत. धाकटी रस्त्यात उभी राहून ओरडली, "तुमचंही असंच तडफडून होवो."

हे तुम्ही लिहून घेतलंत. पुढचं घेतलं नाहीत. तीन दिवसांनी फिटर आमच्या कँटीनच्या मागच्या दाराशी आला.

"रिकामे डबे आहेत का? टोमॅटोच्या गराचे, मोठे."

"किती?"

"चाळीस. दोन्ही तोंडं कापून लागतील."

"कशाला हो?"

"रोपाभोवती बसवायचे. तीन बोटं जमिनीत, चार बोटं वर. अळी सरपटत येते, डबा चढून जात नाही." मग नजर दुसरीकडे वळवून म्हणाला, "कोंबड्या परत आणायच्या तर विष चालणार नाही."

त्या माणसाच्या तोंडून माफी निघायची ती अशी, कडेकडेने. जाताना मला उगाचच शिकवून गेला. आधी रोपाभोवतीची माती बोटांनी उकरायची. आत अळी नाही अशी खात्री झाली की मगच डबा. वर फळी ठेवून सरळ ठोकायचा. "नाहीतर चोराला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावल्यासारखं होतं."

कोठडीत तुम्ही मला पाच मिनिटं दिलीत. धाकटीचा वरचा ओठ फाटला होता. बोलताना ती हात तोंडावर धरत होती.

"साडेपाच का म्हणालीस गं?"

"साडेपाच ते म्हणाले. मी म्हटलं, मी सहाला उठले. मग पट्टा काढला. मग मी म्हटलं, साडेपाच."

"बाबांना हात लावलास तेव्हा कसे लागले?"

"ताठ. खांद्याला धरलं तर पायापर्यंत सगळे एकदम उचलले गेले, दाराच्या फळीसारखे. हे मी प्रेत तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, तू गप्प बस."

"आदल्या संध्याकाळी..."

"तुझ्याकडेच होते ना. पाचला आले, लसूण सोलला, जेवले. साडेनऊला तू घरापर्यंत सोडलंस. बाबा बागेतल्या खोपटात झोपतात, तिथे अंधार होता. म्हटलं, झोपले असतील."

अर्ध्या तासात प्रेत असं ताठ होत नाही, त्याला रात्र जावी लागते. पहाटे साडेपाचला मेला असेल तर माझी बहीण गेली. आदल्या संध्याकाळी मेला असेल तर ती सुटली. मध्ये फक्त एक रात्र. आणि त्या रात्रीच्या कोणत्या टोकाला मेला हे सांगायला प्रेतही उरलं नव्हतं. तुम्ही घाई केलीत, तिसऱ्या दिवशी फिटरची राख झाली होती.

३

चौथ्या दिवशी मी बागेत गेले ती तपासाला नव्हे. रोपं पाण्यावाचून मरतील म्हणून गेले. धाकटी सुटून आली तर तिला काहीतरी जिवंत दिसावं, एवढाच विचार.

चाळीस डबे, दहा-दहाच्या चार रांगा. फिटरची रांग म्हणजे ताणलेली दोरी. पण शेवटच्या रांगेतले नऊ डबे दारू प्यायल्यासारखे उभे होते. एक इकडे कललेला, एक तिकडे. जमिनीत गेले होते जेमतेम एक बोट. त्या नऊमधल्या पाच डब्यांत रोप कापलेलं होतं. डब्याच्या बाहेर नव्हे, आत. बाकीच्या एकतीस डब्यांत एकही नाही.

मी पाचही डबे उपसले आणि माती उकरली. पाच अळ्या निघाल्या. प्रत्येक डब्यात एक. जाड, मऊ, करंगळीच्या पेराएवढी, हात लावताच वेटोळं करणारी. पाचव्या अळीपाशी मला फिटरचं वाक्य आठवलं.

चोराला घरात कोंडून बाहेरून कुलूप. हे डबे फिटरने बसवलेच नव्हते.

आणखी एक दिसलं. एकतीस डब्यांच्या वरच्या काठावर फळीने ठोकल्याच्या खुणा होत्या आणि भोवतालची माती सरळ चिरलेली होती. या नऊ डब्यांच्या काठावर खूण नाही. भोवतीच्या वाळलेल्या चिखलात मात्र वाकडे ओरखडे, अर्धं वर्तुळ काढल्यासारखे, सगळे एकाच बाजूला वळलेले. डबा दाबला नव्हता, पिळून बसवला होता.

पण रोपं कापली गेली कधी? चार दिवसांत कधीही कापली असतील. तुम्ही हेच म्हणाला असतात. म्हणून मी चौकातल्या फोटोवाल्याकडे गेले. तुमच्या प्रेतांचे फोटो तोच काढतो.

"मला त्या दिवशीचे बघायचेत."

"प्रेत बघवेल का तुम्हाला?"

"प्रेत नको. मागचा वाफा मोठा करून दाखवा."

"लोक काय काय मागतात," असं पुटपुटत त्याने चित्र मोठं केलं. कोपऱ्यात वेळ होती, सहा चाळीस. फिटरच्या पायांच्या पलीकडे नऊ वाकडे डबे. एका डब्याच्या तोंडातून सगळं दिसत होतं. रोप पडलेलं, पानांची नुसती जाळी उरलेली, देठ अर्धा मातीत ओढून नेलेला. फोटोवाला म्हणाला, "हे कुणी खाल्लं?"

"रात्रभर बसून खाल्लंय," मी म्हटलं. "एवढी पानं तासाभरात संपत नाहीत."

४

म्हणजे डबे अंधार पडायच्या सुमारास बसवले गेले होते, आणि फिटरने नव्हे. फिटर तेव्हा जिवंत असता तर ती वाकडी रांग बघून त्याला झोप लागली नसती. तो मेला म्हणूनच रांग वाकडी राहिली. झटापट वाफ्यात झाली, डबे उडाले, माती तुडवली गेली. मग कुणीतरी प्रेत ओढून नळाच्या दगडापाशी नेलं, पाय घसरून पडल्यासारखं दिसावं म्हणून. वाफा सारखा केला, आजूबाजूची माती ओढली. त्या मातीबरोबर अळ्याही ओढल्या आणि वर डबे बसवले.

संध्याकाळी मोकळे होते दोघं. रोपवाला आणि दीर.

मी आधी रोपवाल्याकडे गेले. त्याच्या डाव्या भुवईवर अजून टाके होते.

"हे कशाने?"

"तुमच्या फिटरने रोपांचा ट्रे फेकून मारला. भर बाजारात. म्हणे माझ्या रोपांबरोबर अळ्या आल्या. माझ्या रोपांत अळी निघाली तर मी धंदा सोडून भांडी घासेन."

"मग राग आला असेल."

"आला की. तो मेला त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, खोटं कशाला बोलू. पण मारला मी नाही. मारायचा असता तर बाजारातच मारला असता, गिऱ्हाइकांसमोर."

"त्या संध्याकाळी कुठे होतात?"

"इथेच. एकटा. साक्षीला ही रोपं, बोलवा त्यांना."

मी पिशवीतून डबा काढला. त्याच्याच ट्रेमधलं एक टोमॅटोचं रोप उचललं. "हे एवढं लावून द्या. अळी लागू नये असं."

तो माझ्याकडे वेड्यासारखं बघत गुडघ्यावर बसला. खड्डा केला, रोप लावलं. आणि डब्याला हातही न लावता त्याची चार बोटं आपोआप मातीत शिरली, रोपाभोवती गोल फिरली. एक अळी बाहेर आली. त्याने नखाने तिचे दोन तुकडे केले, बोट पँटला पुसलं, मग डबा घेतला आणि सरळ खाली दाबला.

"बघितल्याशिवाय डबा लावला असता तर?" मी विचारलं.

"मूर्ख असतो तर लावला असता. आणि ताई, आत्ताच्या अळीबद्दल कुणाला बोलू नका. धंद्याचा प्रश्न आहे."

हा माणूस नव्हे. मातीत बोटं घालणारं कुणीच नव्हे. धाकटीसुद्धा नव्हे, कारण ती कोंबड्यांसाठी अळ्या वेचायची, डबा लावण्याआधी तिचा हात मातीत गेलाच असता. ज्याने या बागेत कधी हात घातला नाही, त्यालाच आधी माती उकरायचं सुचणार नव्हतं. रोपवाल्याला मी म्हटलं, "उद्या दुपारी फिटरच्या कुंपणापाशी उभे राहा. बोलू नका, फक्त ऐका."

५

दीर दुपारी दोनला झोपून उठला. दोन्ही हातांवर भट्टीचे डाग, जुन्यावर नवे. मी त्याला कधी वाईट म्हटलेलं नाही. धाकटीला ताप आला की पाव-बिस्किटं उशाशी ठेवून जायचा.

"भावजी, एक रोप लावायला मदत करा. माझे गुडघे धरलेत."

"मला नाही येत त्यातलं."

"डबा तेवढा बसवा. रोप मी लावते."

मी रोप लावलं. त्याने डबा घेतला, रोपावर धरला, तळवा वर ठेवला आणि पिळला. उजवीकडे, अर्धा फेरा. मळलेल्या पिठाच्या पोळीतून बिस्किटं कापावीत तसा. डबा जेमतेम एक बोट आत गेला. भोवती अर्धवर्तुळाचा ओरखडा उमटला.

दिवसाला हजार वेळा जो हात असा फिरतो, तो दुसऱ्या प्रकारे फिरणार कसा?

"त्या संध्याकाळी नऊ डबे असेच बसवलेत ना?" मी म्हटलं.

तो हलला नाही. डब्यावरचा हात तसाच.

"कोणते नऊ?"

"फिटर ज्यांच्यावर पडला ते. पाचांत अळ्या कोंडल्यात तुम्ही. रात्रभर खात बसल्या. साहेबांच्याच फोटोत दिसतंय."

डबा उपसून त्याने माझ्यावर चालवला. कापलेली कड तळहातात शिरली आणि हाडापाशी थांबली. दुसरा वार मानेच्या रोखाने आला. चाळीस माणसांचं पातेलं रोज एका हाताने उतरवते मी. पाण्याची लोखंडी झारी हाताला लागली ती त्याच्या कानशिलावर घातली. तो वाफ्यात कोसळला. रोपवाला कुंपण तोडून आत आला आणि त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला.

"सोडा त्याला," मी म्हटलं. माझं रक्त कोपरावरून टपकत होतं. "त्याला बोलायचंय."

तो उताणा पडूनच बोलला, आभाळाकडे बघत.

"अकरा वर्षं. अकरा वर्षं सांगत होते, या हंगामानंतर जागा तुझी. इथे माझी भट्टी व्हायची होती. दुसऱ्याच्या भट्टीत हात जाळून कंटाळलो होतो मी. त्या दिवशी टेप घेऊन मापायला आलो, तर चाळीस रोपं लावून बसलेले. म्हटलं, बाबा, हे काय? म्हणाले, टोमॅटो निघू दे. मग मी म्हटलं, मागच्या वर्षी वांगी निघू दे म्हणालात. तर हसले. हसत पाठ फिरवली आणि दोरी सरळ करायला लागले. फावडं तिथेच होतं."

"तीन वेळा?" रोपवाल्याने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

"पहिल्या घावाला पडले, पण उठायला लागले. मातीत बोटं रुतवून उठायला लागले. म्हणून दुसरा. तिसरा का घातला ते मला माहीत नाही."

"आणि डबे?"

"रांग मोडली होती. बाबांची मोडलेली रांग कुणी कधी पाहिली नव्हती. कुणीही ओळखलं असतं."

"मग?"

"मग हात धुतले आणि कामाला गेलो. त्या रात्री चारशे पाव काढले. एकही करपला नाही."

"आणि धाकटी आत मार खातेय, त्याचं काय?"

यावर तो रडला नाही. डोळे मिटून घेतले, एवढंच.

६

त्याला आम्ही दोघांनी तुमच्यापर्यंत आणलं, साहेब. माझ्या हाताला फडकं गुंडाळलेलं, ते तुमच्या टेबलावर टपकत होतं. तुम्ही आधी टेबल पुसायला सांगितलंत. पोलीसठाण्यात पाय ठेवताच दीर फिरला. म्हणाला, या बाईने झारीने मारलं आणि भलतंसलतं बोलायला लावलं. आणि तुम्ही काय म्हणालात?

"कबुली आलेली आहे. एका खुनाला दोन कबुल्या लागत नाहीत."

मी डब्यांचं सांगितलं, रोपवाल्याने कानांनी ऐकलेलं सांगितलं. तुम्ही हवालदाराकडे बघून हसलात. "आता कोर्टात अळी उभी करायची का?"

उभी करा. पट्ट्याने वदवलेल्या बाईपेक्षा ती खरी बोलेल. तिला कुणी मारलेलं नाही, तिला कुणाची भीती नाही. तुम्ही दिराला त्याच संध्याकाळी सोडलंत. तो आठला कामावर गेला. धाकटी आतच आहे.

मला तुमची दया नको, चौकशीचं आश्वासनही नको. हा कागद मी तुमच्या वरच्यांनाही पाठवला आहे, आणि तुमच्या दारावर स्वतः चिकटवून आले आहे. ज्यांना वाचता येतं ते सगळे वाचत आहेत. त्यांच्यासमोर सांगा. माणूस पहाटे साडेपाचला मेला असेल, तर सहा चाळीसच्या तुमच्याच फोटोत रात्रभर खाल्लेली रोपं आली कुठून? तो रात्री जिवंत होता, तर त्याच्या वाफ्यात दुसऱ्याच्या हाताने पिळलेले नऊ डबे त्याने कसे सहन केले? आणि तो संध्याकाळीच मेला असेल, तर पाच ते साडेनऊ माझ्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलणारी बाई तुमच्या कोठडीत कशासाठी आहे?

तोंडी नको. लेखी द्या, खाली सही करा. आणि त्यात एक तारीख घाला: माझी बहीण घरी कधी येणार?